म्हाताऱ्याची गोष्ट आणि मेला नायक

"ताई, जा, चहा पिऊन ये," हे महेशचं शेवटचं बोलणं. मी गेले नाही. पनवेलच्या त्या इस्पितळात मी रिपोर्ट, औषधं आणि डॉक्टरांच्या वेळा यांच्यामागे भिंगरीसारखी फिरत होते. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. माझी एक द्यायला मी तयार होते, पण तपासणीत मलाच शुगर निघाली आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. दुपारी तो गेला. धाकटा भाऊ माझा. त्याचं सगळं मीच निस्तरायचं, ही मला लहानपणापासूनची खोड... आणि नेमकं हेच निस्तरता आलं नाही.

महेश कामोठ्यात घरीच गणिताचे क्लास घ्यायचा. संध्याकाळी मुलं गेली की व्हिडिओ गेम लावायचा. खेळायचा तो, शेजारी बसून ओरडायचे मी. त्याचा एक लाडका गेम होता. एक खलाशी बंदरात उतरतो, तिथला दीपगृहाचा म्हातारा राखणदार आजारी असतो. खलाशी औषध आणतो, वैद्य आणतो, वादळात होडी घालतो. काहीही करा, म्हातारा मरतोच. एकदा चिडून मी कंट्रोलर हिसकावला आणि सगळे मार्ग स्वतः करून पाहिले. म्हातारा मेला तो मेलाच. "मग हा मेला नायक हवाय कशाला? त्याच्यावाचून गोष्टीचं अडतंय काय?"

"काहीच नाही. गोष्ट त्याची नाहीच आहे, ताई. म्हाताऱ्याची आहे."

"मग म्हाताऱ्यालाच खेळू दे की."

"तो कसा खेळेल? तो अंथरुणाला खिळलाय."

हे भांडण आमचं वर्षानुवर्षं चाललं. मला त्याचं पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याच्या हातून काही बदलत नाही, त्याला नायक कशाला म्हणायचं?

दहाव्याला आमच्या गावाहून, गव्हाणहून, भाऊबंद आले. नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून बघत राहिला. मग गेलेल्याची इच्छा ओळखायला सुरुवात झाली. काका म्हणाले, "तुज्या आयशीला आमी बगू." कावळा ढिम्म. कोणी त्याच्या राहिलेल्या लग्नाचं काही बोललं. तरी ढिम्म. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्याच्या मनातलं मलाच ठाऊक असणार. मी हात जोडून पुढे झाले. आईला सांभाळीन, माझ्या गोळ्या वेळेवर घेईन, तुझ्याशी भांडणार नाही, तुझंच खरं... सुचेल ते बोलत सुटले, गेममध्ये दिसेल ते बटण दाबावं तसं. कावळा उडून गेला. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली. मला रागाने रडू आलं. त्याला काय हवं होतं ते मला कळलं नाही, आणि आता कोण सांगणार?

क्लासची बाकं आईने देऊन टाकली. टीव्हीसमोरच्या आमच्या दोन खुर्च्या तेवढ्या राहिल्यात. कामावरून आले की मी माझ्या खुर्चीत जाऊन बसते. गेम लावत नाही. परवा आई दारात येऊन उभी राहिली. "तो तं नाय आता. तू कुनाजवल बसतेस गो?"

मग ती आत आली आणि त्याची खुर्ची सोडून माझ्याजवळ खाली फरशीवर बसली.