आर्लीनबाईंच्या पिकअपची तपासणी

आमच्या गावातली एकही गाडी आजवर आपल्या मरणाने मेलेली नाही. सगळ्या मिठाने खाल्ल्या, आणि ते मीठ वर्षानुवर्षं आर्लीन पेल्कीबाईंनी टाकलं. गावाचा बर्फ लोटायचा ट्रक त्यांच्याकडे होता. पुढच्या पात्याने बर्फ बाजूला करायचा, मागून रस्त्यावर बर्फ वितळवणारं मीठ सोडायचं. पहाटे त्या ट्रकची घरघर ऐकू आली की गाव कूस बदलून निवांत झोपायचं. वसंतात तेच गाव गळून पडलेली मडगार्डं हातात घेऊन माझ्या गॅरेजात यायचं. आमच्या व्हरमाँट राज्यात दरवर्षी गाडीची सरकारी तपासणी करून काचेवर स्टिकर लावून घ्यावं लागतं, आणि आमच्या डोंगरात तो परवाना माझ्याकडे आहे. म्हणजे आर्लीनबाईंनी गंजवायचं आणि मी नापास करायचं, असा आम्हा दोघांचा संसार अनेक वर्षं सुरळीत चालला. लोक शिव्या मात्र मलाच द्यायचे.

बाईंना शिव्या देण्याची कुणाची छाती नव्हती. नवरा तरुणपणीच गेला, मुलगा ड्वाइट शिकून कनेक्टिकटला स्थायिक झाला, आणि त्या डोंगराच्या टोकावरच्या शेवटच्या घरात एकट्या राहिल्या. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा बाहेर वादळ होतं. बाई आमच्या गाडीपुढे ट्रक घालून हॉस्पिटलच्या दारापर्यंत बर्फ लोटत गेल्या. आठवड्याने मी आभार मानायला बायकोने भाजलेल्या ॲपल-पायची ताटली घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्या म्हणाल्या की रस्ता त्यांच्या कामातच होता. मग त्यांनी ताटली घेतली आणि दार लावलं. मला मुळीच राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

कारण आमच्याकडे मदत समोरून करत नाहीत. समोरून केली की त्या माणसाला आभार मानावे लागतात, आपल्याला ते ऐकावे लागतात, आणि दोघांनाही पुढे कुठे बघावं ते कळत नाही. म्हणून सगळं पाठीमागे चालतं. कुणी आजारी पडलं की त्याच्या ओसरीवर सरपण येऊन पडतं. कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. काय हवं आहे असं विचारणं तर फारच उद्धटपणाचं.

गेल्या उन्हाळ्यात ड्वाइट आला आणि गावच्या दुकानात, कॉफीच्या किटलीपाशी, चारचौघांत त्याने आईपुढे विषय काढला. हिवाळा तुझ्याने झेपणार नाही, माझ्याकडे चल, वगैरे. दरवर्षीचंच. दरवर्षीप्रमाणे बाईंनी नाही म्हटलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, तुझी ती पिकअप ऑक्टोबरच्या तपासणीत पास झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झाली तर सामान बांधायचं. डोंगरावर गाडीशिवाय राहता येत नाही हे बाईंनाही माहीत होतं. त्यांनी क्षणभर कॉफीत पाहिलं आणि हात पुढे केला. माय-लेकांनी शेकहँड केला. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

पिकअप सव्वीस वर्षांची होती आणि तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बिस्किटासारखी झालेली. गाव कामाला लागलं. बाई रविवारी चर्चमध्ये असताना शेजारचा रॉयर गाडीखाली शिरून गंजाला तेल फवारून आला. वेल्डिंग करणारा होलिस गवत आणायला म्हणून पिकअप उसनी घेऊन गेला, आणि परत आणली तेव्हा चासीच्या दोन्ही बाजू नवीन होत्या. किल्ली आमच्याकडे गाडीतच असते, त्यामुळे अशा कामांना अडचण येत नाही. टायर कुणी बदलले ते मला अजून कळलेलं नाही. ब्रेक मी बदलले. इंजिनचं तेल बदलायला आलेल्या गाडीचे ब्रेक बदलायचे आणि तोंड मिटून बसायचं, यात मला काही वावगं वाटलं नाही. आम्ही आमच्या आर्लीनबाईंना वाचवत होतो.

ऑक्टोबरात बाई स्वतः गाडी चालवत आल्या. मागून ड्वाइट त्याच्या गाडीतून आला, निकाल डोळ्यांनी बघायला. मी पिकअप लिफ्टवर चढवली आणि खालून हातोडीने ठोकत गेलो. गंजलेलं लोखंड भद्द वाजतं. हे सगळीकडे टणटणत होतं. ड्वाइट मान वर करून बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, सगळं चोख. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कुणाला पास केलेलं नाही. गाडी खाली घेतली, काचेवर नवं स्टिकर चिकटवलं आणि अंगठ्याने कोपरे दाबून बसवले.

ड्वाइट शब्दाचा पक्का. तो एवढंच म्हणाला, "बरं. ठरलं ते ठरलं." आणि बायकोला फोन करायला बाहेर गेला.

बाई स्टिकरकडे बघत उभ्या होत्या. मी वाट बघत होतो की आता काहीतरी टोमणा येईल.

"तीन वर्षं मी या गाडीला खालून तेलाचा थेंब लावला नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. मीठ काय करतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अंगणात घसरून पडले. उठता येईना. निम्मी दुपार तशीच पडून होते. मग सरपटत ओसरीपर्यंत गेले."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? भीती वाटते म्हणून? मला?" त्या गाडीच्या बॉनेटला टेकल्या. "ड्वाइटकडे संध्याकाळी स्वयंपाकघरात माणसं असतात रे. इतकी वर्षं नाही म्हणत आले, आता कुठल्या तोंडाने हो म्हणू? म्हटलं, गाडीच काय ते सांगेल. तर तुम्ही सगळे तिच्या खाली शिरलात. एकाने तरी मला विचारलं का, आर्लीन, तुला राहायचंय का म्हणून?"

मला भयंकर लाज वाटली. सबंध गावाने मिळून एका म्हातारीला डोंगरावर कोंडून घातलं होतं, आणि वर त्याचं समाधान मानलं होतं.

"स्टिकर काढ," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तसं काढता येत नाही. गाडी नापास करायची जी कारणं छापली आहेत, त्यात मालकिणीला जायचंय हे कारण नाही."

"मग कुठलं कारण आहे?"

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. शोधूनही काही सापडेना. आमच्या लोकांनी काम फार मनापासून केलं होतं.

"पुढचा दिवा फुटलेला असला तर चालत नाही," मी म्हणालो.

"डावा की उजवा?"

"कुठलाही."

मी हातोडी उचलली, पण त्यांनी हात पुढे केला. गाडी त्यांची होती. मी दांडा त्यांच्याकडे करून हातोडी दिली. बाईंनी चष्मा सारखा केला आणि एकच, नेमका घाव घातला.

आवाज ऐकून ड्वाइट फोन कानाला तसाच धरून आत आला. त्याने जमिनीवरच्या काचा पाहिल्या, आईच्या हातातली हातोडी पाहिली, आणि मी ब्लेडने स्टिकर खरवडत होतो तेही पाहिलं. कनेक्टिकटला इतकी वर्षं काढली तरी पोरगा आमच्याच गावचा. त्याने काहीही विचारलं नाही.

"नापास," मी म्हणालो. "डावा दिवा."

"वाईट झालं," ड्वाइट म्हणाला. "आई, सामान आजच आवरायचं का?"

"आजच," बाई म्हणाल्या.

ते दोघं घरी निघाले तसं मी गॅरेजचं शटर खाली ओढून कुलूप घातलं आणि पिकअप आतच ठेवली. ती रस्त्यावरून कुणाला दिसली असती, तर त्यांचं सामान बांधून होईपर्यंत कुणीतरी नवा दिवा बसवून गेलं असतं.