शेवंताबाईचा पाय

शेवंताबाई पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून जगात आलेली. अशा माणसाने दुखऱ्या कमरेला पाय लावला की चमक जाते, हे एरंडोलच्या आसपासच्या खेड्यांत कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ती धड चालायला लागली तेव्हापासून लोक तिच्यापुढे पालथे पडत आले. सहा वर्षांची असताना तिने खुद्द पोलीस पाटलाच्या कमरेला पाय लावला होता, आणि दोघांच्या आधाराने आलेला तो माणूस एकटा घरी गेला. पोरीच्या जातीला एवढा मान त्या गावात दुसऱ्या कशाने मिळाला असता?

नियम साधे होते. सकाळी उपाशीपोटी यायचं, उंबऱ्याच्या आत पालथं निजायचं, तिने तीनदा हलकेच पाय लावायचा. बदल्यात सुपारीचं खांडही घ्यायचं नाही, घेतलं की गुण गेला. लग्न होऊन सासरी आली तर सासूने दुसऱ्याच दिवशी आधी कंबर पुढे केली, मग चुलीचं बोलली.

नवरा झुलाल केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, बागेतून ट्रकपर्यंत खेपांवर खेपा. तीस वर्षं हेच. छातीत पेसमेकर बसवल्यावर काम सुटलं, पण कंबर धरली ती धरलीच. आता बायको पायाळू असताना डॉक्टरकडे जाणं म्हणजे घरात विहीर असून घागर घेऊन गावभर हिंडणं. दोन वर्षं झुलाल रोज सकाळी उंबऱ्याशी पालथा पडायचा. ती पाय लावून विचारायची, "बरं वाटस का?"

"वाटस," तो म्हणायचा आणि भिंतीला धरून उठायचा.

ती समाधानाने चहा टाकायची. आपल्या पायाचा तिला गर्व होता, आणि तो का नसावा?

दिवाळी सरल्यावर दोघं मुलीकडे, पिंप्राळ्याला गेले. रिक्षातून उतरून घराकडे चालताना झुलालच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्याला पत्ताच नाही. तसाच एका पायाने अनवाणी चालत राहिला. मुलगी दिपमाला चप्पल उचलून मागून आली. दुसऱ्याच दिवशी ती आईबापांना जळगावातल्या दवाखान्यात घेऊन गेली. पेसमेकरमुळे एमआरआय नको असं ठरलं आणि कमरेचा सीटी स्कॅन झाला.

डॉक्टर जिनेश तरुण होते, समजावून सांगणारे. त्यांनी पडद्यावर झुलालचा कणा दाखवला. "दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वर बघा, जागा शाबूत आहे. इथे खाली जागाच उरलेली नाही. ही काळी रेघ दिसते ना, ती हवा आहे. गादी सुकून चिरली की आत अशी हवा धरते. आणि हा पांढरा, कडक झालेला भाग बाहेर येऊन पायाच्या नसेवर बसलाय. म्हणून डावा पाय बधिर झालाय आणि त्याचा पंजा उचलला जात नाही."

शेवंताबाई बघत राहिली. ही जागा तिच्या टाचेला पाठ होती. सातशे सकाळी तिने तिथेच पाय ठेवला होता, आणि आत काय चाललंय याचा तिला गंधही नव्हता.

"ऑपरेशन केलं तर?" दिपमालाने विचारलं.

"दुखणं कमी होईल. पंजा पुन्हा उचलला जाईल असं मात्र मी सांगू शकत नाही. गादीची झीज जुनीच आहे, ती कुणालाच थांबवता आली नसती. पण पाय बधिर व्हायला लागला तेव्हाच आला असतात, तर पाय वाचण्याची आशा होती. इतके दिवस काय उपाय केला, बाबा?"

शेवंताबाईने तोंड उघडलं.

"काही नाही, साहेब," झुलाल घाईने म्हणाला. "मीच चालढकल केली."

बाहेर बाकावर बसल्यावर दिपमाला औषधं आणायला गेली. शेवंताबाईने विचारलं, "खोटं कसाले बोलनात?"

"तुनं नाव कसाले काढू तठे?"

"पाय बधिर व्हईसन किती दिन व्हयनात?"

"वरीस व्हई."

"आनि माले रोज सांगेत, बरं वाटस?"

"तुना पायले बठ्ठा गावमा मान शे," तो म्हणाला. "तुना घरनाच मानूस बरा व्हयना नही, तर लोके काय म्हनतीन?"

तिला रडू आलं नाही, आधी रागच आला. त्याचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग मनात आलं, पन्नास वर्षांत जे जे पालथे पडले आणि बरं वाटलं म्हणून गेले, त्यातले किती जण असेच तिचं मन राखून गेले असतील? विचारायचं कुणाला? निम्मे तर आता जगातही नव्हते.

दिपमाला औषधांची पिशवी घेऊन आली. "डॉक्टर विचारताहेत, ऑपरेशनची तारीख घ्यायची का?"

"तुनी माय म्हनी तसं," झुलाल म्हणाला.

अजूनही तो तिच्यावरच सोपवून मोकळा झाला होता. बापलेक दोघंही तिच्याकडे बघू लागले.

"माले काय समजस," शेवंताबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.