पाठ झालेला ओढा

माझा मामा चष्मेवाला. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या अरुंद खोलीत भिंगं घासायचं चाक. एकदा चाकावर बसला की मामी हाका मारून दमते, हा जागचा हलत नाही. रविवारी मात्र त्याला कुणी उठवावं लागत नाही. उजाडायच्या आत दोन छोट्या होड्या गाडीच्या टपावर बांधून तयार असतात. एकेका माणसाने बसून वल्हवायच्या त्या होड्या. एक त्याची, एक माझी.

गावाबाहेरचा ओढा तसा लहान, पण अंगात मस्ती भारी. दगडांवरून फेसाळत खाली उतरतो, आणि काठची झाडं अधूनमधून त्यात आडवी होतात. अशा झाडाला मामा चाळणी म्हणतो. "पाणी फांद्यांमधून निघून जातं आणि माणूस अडकतो. वर मागचं पाणी त्याला दाबून धरतं," हे त्याने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता चाळिशीला टेकले. दुकानाचं पुढचं टेबल माझ्याकडे आहे. लोकांच्या नाकावर मी फ्रेम नीट बसवून देते. माझ्या नाकावर फक्त राग बसतो, असं मामी म्हणते, आणि ते काही खोटं नाही.

मामाचे नियम दोन. होडी पाण्यात घालायच्या आधी काठाने चालत जाऊन सगळा ओढा बघायचा. आणि पुढे नेहमी तोच. उतार आधी तो उतरणार, खाली जाऊन मागे वळणार. त्याने वल्हं उभं धरलं तर मी यायचं, आडवं धरलं तर थांबायचं. सव्वीस वर्षांत मी त्या वल्ह्यावर एकदाही शंका घेतली नाही.

शंका यायची ती इतर गोष्टींवर. वर्षभर बघत होते, मामाच्या हातून चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा. बारीक स्क्रू हाताने चाचपून शोधला जायचा. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा तो तणतणत भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहिला. एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि दोन्ही वेळा शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. "त, भ, म, र, न, स. झालं समाधान?" झालं की. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे!

मग तो रविवार आला. आठवड्याच्या मध्यात जोराचा वारा सुटला होता. मी होड्या सोडवत असताना मामा एकटाच काठाने फिरून आला. "मोकळा आहे," म्हणाला. वळणापलीकडचा उतार तो नेहमीच्या झोकात उतरला, मागे वळला आणि वल्हं उभं धरलं.

मी वरच्या बाजूला होते, म्हणून मला दिसलं. त्याच्या मागे, या काठापासून त्या काठापर्यंत, पाण्याला टेकून एक झाड पडलं होतं. मामा पाठमोरा त्याच्याकडेच वाहत चालला होता, माझ्याकडे बघून हसत.

"मामा, डावीकडे! चाळणी! डावीकडे!"

जन्मभर हुकूम सोडत आलेला माणूस, पण त्या क्षणी त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. वल्हं मारलं, काठालगतच्या संथ पाण्यात शिरला आणि एक मूळ घट्ट धरलं. मीही उतार उतरून त्याच्याजवळ पोचले आणि तेच मूळ धरलं.

"सकाळी नव्हतं ते," तो म्हणाला.

"होतं. वाऱ्यातच पडलंय. पानं बघ, सुकलीत."

त्याने हात लांबवून एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी जुन्या कॅलेंडरच्या मागे माझी अक्षरं लिहिली आणि तक्त्यावर टाचली. "वाच," म्हटलं. पहिलं मोठं अक्षर त्याने वाचलं. दुसऱ्या ओळीवर अडखळला. तिसऱ्या ओळीशी बराच वेळ थांबला.

"मधलं अक्षर लिहायचं राहिलंय तुझं."

"नाही राहिलं, मामा."

मामी चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी भांडायच्या तयारीने आले होते. ऐन वेळी रडायला लागले. मामा खुर्चीवर बसला आणि एवढंच म्हणाला, "शपथेवर सांगतो, मी फसवत नव्हतो. मला खरंच दिसायचं ते."

डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यातला मधला भाग गेलाय, दुसऱ्यातला जातोय. गेलेलं परत येणार नाही, कडेकडेचं मात्र राहील. भिंगं मामा बोटांनी चाचपूनही घासू शकतो. दुकानातला तक्ता आता मी दर महिन्याला बदलते. प्रश्न ओढ्याचा होता. ओढ्यावर जाणं सुटलं तर या माणसात काय उरेल, याची मला धास्ती होती आणि मामीलाही. तीच शेवटी म्हणाली, "पुलाखालचं पाणी गुडघाभर आहे ना? तिथे जा. पण पुढे ही राहील, कळलं का हो?"

काठाने आम्ही दोघं बरोबर चाललो. मी बघत होते, तो ऐकत होता. मग मी पुढे झाले. तिथे एकच बुटका उतार आहे. तो उतरले, मागे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वल्हं उभं धरलं.

मामा येईना. पुन्हा धरलं, तरी येईना. माझा पारा चढला. होडी काठाला ओढली आणि दगड तुडवत वर गेले.

"एवढं उंच धरलं तरी दिसलं नाही?"

"दिसलं गं."

"मग?"

"त्या दिवशी मला ओढाही मोकळा दिसला होता." तो माझ्या जरा बाजूला बघत होता, आता तो तसंच बघतो. "उताराखाली वल्हं उभं असणार हे डोक्यात पक्कं बसलंय म्हणून मला उभं दिसतंय, की तू खरंच धरलंयस, हे मी कशावरून ठरवू? तू हाक मार."

मी खाली गेले, होडीत बसले. सवयीने वल्हं उभं केलं, मग मांडीवर ठेवून दिलं.

"मामा, ये!"

आवाज माझा फाटला होता, पण मामा त्या आवाजाच्या रोखाने सरळ आला.