नवरी कोण?

मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांचं एकच पालुपद होतं, ओठ जुळले पाहिजेत. बाकी उजेड, कपडे, गाण्याचा अर्थ सगळं खड्ड्यात. सरावाचे दोन व्हिडिओ मी मुकाट केले. समुद्रावर मैत्रीण उभी करायची, स्पीकरवर गाणं लावायचं, तिने नुसतं तोंड हलवायचं आणि मग एडिटला बसून ओठ आणि आवाज जुळवायचे. सगळा वर्ग हेच करत होता. सगळ्यांच्या मैत्रिणी वाऱ्यावर केस उडवत होत्या. बघून मला किळस आली होती.

तिसरा व्हिडिओ मार्कांचा. मला वाटलं, आपण शहाण्या. माझी आत्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांकडे लग्न लावते ती धवलारीण, आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तीही तीच. आत्याचा धवला आणि आत्याचाच चेहरा, असा व्हिडिओ वर्गात कोण करणार होतं?

रेकॉर्डिंगला बसल्यावर तिने पहिलंच विचारलं, "नवरी कोन?"

"कोणी नाही गं. प्रॅक्टिससाठी आहे."

"अगो, प्रॅक्टिसला कोन लगीन लावतं?" ती हसली. नवरीच नसली तर धवला पुढे सरकत नाही म्हणे. शेवटी माझंच नाव घालून गायली. पंखा बंद केलेल्या स्वयंपाकघरात घामाने निथळत मी ते फोनवर घेतलं. काय गायली होती!

आठ दिवसांनी मिठागराच्या बांधावर शूटिंग. स्पीकर लावला. पहिली ओळ जुळली. दुसऱ्या ओळीला ती भलतंच गाऊ लागली. रेकॉर्डिंगमध्ये माझ्या आजोबांना मांडवात बोलावलं होतं, आता ती बांधावरच्या देवीला बोलावत होती. पुन्हा घेतलं, तर माझ्या मेलेल्या आजीला बोलावलं. मागे कंटेनरचे ट्रेलर भोंगे वाजवत होते, ऊन चढत होतं आणि माझं डोकंही.

"आत्या, तेव्हा गायलीस तस्संच म्हण ना."

"तवा तसा व्हता. आज असा हाय."

मी ओरडले. मदतीला आलेल्या वर्गातल्या मुलांदेखत, बांधावर, साठीच्या बाईवर. अकराव्या टेकला तर रागाने स्पीकरच बंद केला. ती थांबली नाही, गात राहिली. धवला अर्ध्यात सोडत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तिलाच अडाणी ठरवलं.

सरांनी फुटेज बघितलं. "सिंक गेलाय सगळा. आवाज सोनं आहे, पण कुणीतरी फ्रेश चेहरा घे." फ्रेश! भाजी आहे का चेहरा म्हणजे? हे मला आज सुचतं. तेव्हा मी मान डोलावली.

वर्गातली एक गोरीगोमटी मुलगी घेतली. तिने दोन तासांत शब्द पाठ केले, अर्थ एकदाही विचारला नाही. नऊवारी, नथ, बांधावरची तीच जागा. ओठ असे जुळले की सरांनी व्हिडिओ अख्ख्या वर्गाला दाखवला. मला सगळ्यांत जास्त मार्क.

आत्याने तो माझ्या फोनवर शेवटपर्यंत बघितला. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ही कोनाची पोरगी?"

"वर्गातली आहे."

"ग्वार हाय." म्हणजे गोड. फोन परत देताना ती म्हणाली, "मंग तुज्या लग्नाला मी येवाचा, का हीच तोंड हलवाला येल?"

सरांचा राग आला होता, तो सगळा माझ्याकडेच वळला आणि अजून उतरलेला नाही.

अकरावा टेक मी पुसला नव्हता. त्यात स्पीकर नाही, फक्त ती आहे, तोंड तिचं आणि आवाजही तिचा. जुळवायला काहीच नाही. तो मी पुन्हा एडिटला घेतला. फक्त मधे एका ठिकाणी कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, "आत्या, चुकतेयस तू!" तेवढं कापून टाकावं म्हणून कितीदा बसले. कापता येत नाही. त्याच्याखाली ती माझं नाव गातेय.