सर्व्हरमामांची गाळणी

सर्व्हरमामांना चार बहिणी. तीन थोरल्या, एक धाकटी. म्हणजे मध्यस्थी त्यांच्या नशिबी पाळण्यातच लिहिलेली होती. पोटापाण्यासाठी ते शिवणयंत्रं दुरुस्त करत. बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याला लागून त्यांचं अरुंद दुकान होतं, आणि त्यांचं सगळं यंत्रशास्त्र एका वाक्यात मावत होतं: करकर आली की तेल घाला, तरी थांबली नाही तर स्क्रू उघडा. माणसांचे स्क्रू उघडता येत नाहीत, म्हणून घरात ते जन्मभर नुसतं तेलच घालत आले.

भाचरं त्यांना मामा म्हणत. भाचरांचं ऐकून गिऱ्हाइकंही मामा म्हणू लागली. मामांच्या बायकोला अर्थातच सगळे मामी म्हणत. नावापुढे 'सर्व्हर' लागला तो मात्र बहिणींच्या कृपेनं.

झालं असं, की सगळ्यांच्या फोनवर असतं तसलं एक ॲप या बहिणींच्याही फोनवर होतं आणि त्यात कुटुंबाचा एक ग्रुप होता. धाकटीनं थोरलीच्या नव्या पडद्यांना काहीतरी म्हटलं, थोरली ग्रुप सोडून गेली. मग थोरलीला वगळून एक ग्रुप, धाकटीला वगळून दुसरा, आणि मधल्या दोघींनी 'आम्हाला यात ओढू नका' म्हणून काढलेला तिसरा. मामा सगळ्यांत. एकाच लग्नाची बातमी चार ठिकाणी चार तऱ्हेनं लिहिताना त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी दुकानात धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर घरी आणला, इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवला आणि गप्पांचा सर्व्हर स्वतःच उभा केला. मूळ प्रोग्रॅम फुकट मिळणारा होता. त्याला आपल्या गरजेप्रमाणे छोटे छोटे जोड लावता येत, त्यांना मॉड्यूल म्हणतात. मामांनी पहिलं मॉड्यूल लिहिलं ते ग्रुप सोडण्याचं बटण नाहीसं करणारं.

मामींना या प्रकाराचं कौतुक नव्हतं. त्यांचा फोन साधा, बटणांचा. "समोरासमोर भांडायला माणूस असताना लिहून कशाला भांडायचं?" असा त्यांचा सवाल असे. कॉम्प्युटरची पाठ बारा महिने कोमट असते हे कळल्यावर मात्र त्या त्यावर विरजणाचं भांडं ठेवू लागल्या. सर्व्हर बंद पडला की दही लागत नसे, तेवढ्यापुरती त्यांची सहानुभूती होती.

मॉड्यूल लिहिण्याचं व्यसन हे असंच असतं, एकावर भागत नाही. सकाळचं तेच फुलांचं चित्र दुसऱ्यांदा आलं तर 'हे आधी येऊन गेलं' असं सांगणारं एक मॉड्यूल झालं. थोरलीच्या नवऱ्याला दिसायला कमी झालं होतं, त्याला निरोप मोठ्यानं वाचून दाखवणारं एक झालं. ते थोरलीच्या नवऱ्याला 'आज भाजी कोण आणणार' हेसुद्धा मृत्यूची बातमी द्यावी तशा आवाजात वाचून दाखवी. पण मामा खुश होते. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की यांची अर्धी मॉड्यूलं रुसून बसत, आणि मामांचे रविवार त्यांची समजूत काढण्यात जात. बहिणींची काढण्यापेक्षा ते सोपं होतं.

भांडणं मात्र थांबेनात. बाहेर पडायचं दार मामांनीच बंद केलेलं, त्यामुळे चौघी आतच कडाडत. तेव्हा मामांना ती नामी कल्पना सुचली. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'गाळणी'.

गाळणीचं काम सरळ होतं. लिहिणारीला तिचा निरोप जसाच्या तसा दिसायचा. बाकीच्यांना मात्र तो गाळून मिळायचा. 'खोटं बोलतेस' असेल तिथे 'विसरली असशील'. 'तुझं तोंड बघणार नाही' असेल तिथे 'सवडीने भेटू'. धाकटी ऊठसूट लिहायची, 'कुणाला माझं काही पडलेलं नाही', त्याचं झालं 'कुणाला माझी किती काळजी'. तिची आवडती शिवी होती 'खड्ड्यात गेला', तिथे मामांनी घातलं 'सुखात असो'. आणि घरच्या समारंभांना एकमेकींकडे जायचं नाकारणं हा चौघींचा छंदच होता, म्हणून 'येणार नाही'च्या जागी 'जमलं तर येईन'. रोज एखादा नियम वाढायचा. हे गुपित मामींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

गुण असा आला की विचारू नका. थोरलीनं धाकटीला खरमरीत लिहावं, उत्तर गोड यावं. मग थोरलीला वाटे, चांगली जिरवली, आता आली ताळ्यावर. धाकटीलाही थोरलीबद्दल तेच वाटे. चौघी बहिणींपैकी प्रत्येकीची खात्री झाली, की आपण बाकीच्या तिघींना कायमचं सरळ केलं. एकमेकींकडे जाणं सुरू झालं. कुटुंबात दोन वर्षं शांतता नांदली, आणि मामा दुकानात शीळ घालत सुया बदलू लागले.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," मामी म्हणायच्या.

"उजाडेल तेव्हा बघू," मामा म्हणायचे.

मामांना एकुलती एक लेक. दूरच्या शहरात नोकरी करायची, बसनं अर्धा दिवस लागे. पूर्वी मामा महिन्याकाठी तिच्याकडे एक चक्कर टाकत, सर्व्हर आल्यापासून रविवार मोकळा सापडेना. बापलेकीचं बोलणं सर्व्हरवरच होई. या उन्हाळ्यात तिनं लिहिलं, 'बाबा, मला परदेशातल्या कारखान्यात नोकरी मिळाली. तीन वर्षं जावं लागेल.' मामांनी लिहिलं, 'छान.' मग तिनं लिहिलं, 'सामान बांधायला याल का?' मामांनी लिहिलं, 'रविवारी नवी आवृत्ती आहे, तू इकडे आलीस की बोलू.' त्यानंतर दोन दिवस काही नाही, आणि मग हा निरोप आला:

'बाबा, तुम्हाला माझी किती काळजी. जाण्याआधी मी घरी जमलं तर येईन. तुमचा सर्व्हर सुखात असो.'

फोन घेऊन मामा स्वयंपाकघरात गेले आणि मामींना वाचून दाखवला. "पोरगी जाताना सर्व्हरलासुद्धा आशीर्वाद देतेय," ते म्हणाले.

मामींनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्याशी फोनवर तर तुटक बोलते. विचारलं तर म्हणते, बाबांना लिहिलंय सगळं."

"लिहिलंय ना. हे काय." मामांनी उत्तर पाठवलं: 'छान. सवडीने ये. आशीर्वाद.' आणि लेकीच्या खोलीतली शिवणयंत्रांची खोकी हलवायला घेतली. पलंग मोकळा केला, नवी चादर घातली, पंख्याची करकर काढली. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर ते आधी दारातल्या चपला बघत. जायचा दिवस जवळ येत चालला, तसं ते मामींना सांगत, "जमलं तर येईन म्हणालीय. जमेल तिला."

तिचं विमान सोमवारी संध्याकाळी होतं. रविवारी सकाळी मामांनी ठरल्याप्रमाणे नवी आवृत्ती चढवली, सगळं हिरवं दिसतंय असं पाहिलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर टेबलावर ठेवलेला फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत पोचला होता. पलीकडे थोरली होती.

"तू काय केलंस?" ती म्हणाली.

नव्या आवृत्तीत गाळणी बसलीच नव्हती. सर्व्हर निरोप साठवताना मूळचाच साठवत असे, गाळायचं ते दाखवताना. आता गाळणीच नाही म्हटल्यावर दोन वर्षांचा सगळा माल सगळ्यांच्या फोनवर न गाळता उघडा पडला. धाकटीनं सहज वर सरकवून पाहिलं आणि थोरलीला फोन करून विचारलं, हे तू मला कधी लिहिलंस? मग दोघींनी मिळून ताळा घातला. मधल्या दोघी त्यात सामील झाल्या.

मामांना वाटलं, आता चौघींचं कायमचं फाटणार. पण थोरलीचं दुःख वेगळंच होतं. "पडद्यांचं पुन्हा निघालं तेव्हा मी तिला 'तुझं तोंड बघणार नाही' असं लिहिलं. किती विचार करून लिहिलं होतं मी ते. आणि तिला पोचलं काय, सवडीने भेटू? म्हणून दुसऱ्या दिवशी ती केक घेऊन दारात उभी राहिली होय. मला वाटलं, घाबरली."

"ताई, अगं तुमच्यात बरं चालावं म्हणून..."

"आमचं आम्ही बघितलं असतं. माझा एकही शब्द तिला लागलेला नाही, दोन वर्षांत एकही नाही. हा तुझा पोरखेळ." मागून धाकटीचा आवाज आला, "त्याला सांग, माझेपण लागलेले नाहीत." दोघी एकाच घरात बसून फोन करत होत्या. चार बहिणींचं एका गोष्टीवर एकमत व्हायची ही पहिलीच वेळ, आणि ती गोष्ट म्हणजे मामा.

"तुम्ही त्यांची भांडणं चोरलीत," मामींनी निकाल दिला. "माणूस एक वेळ दागिना गेलेला सोसेल."

मामा इस्त्रीच्या टेबलाशी मांडी घालून बसले. दोष किरकोळ होता, नव्या आवृत्तीत एका आज्ञेचं नाव बदललं होतं. पाच मिनिटांचं काम. दुरुस्ती केली की गाळणी बसते का, हे पाहायला त्यांनी आधी स्वतःच्याच फोनवरचं लेकीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं:

'बाबा, तुम्हाला माझं काही पडलेलं नाही. जाण्याआधी मी घरी येणार नाही. तुमचा सर्व्हर खड्ड्यात गेला.'

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शब्द तेच राहिले. मामींनी खांद्यावरून वाकून सावकाश वाचलं, आणि खालचं उत्तरही वाचलं. मग त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

"पोर म्हणते, येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाप म्हणतो, छान."

मामांनी दुरुस्ती पुरी केली नाही. ते उठले, शर्ट चढवला आणि विचारलं, "बस किती वाजता असते?"

"आधी फोन तरी करा तिला."

"फोन केला तर ती नको म्हणेल. मग जाता यायचं नाही."

बसमध्ये बहिणींचे फोन येत राहिले. मामांनी फोन मामींच्या पिशवीत टाकला आणि अर्धा दिवस खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती ते लपवतही नव्हते. मामींनी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, दोनदा त्यांनी ती नुसती हातात धरली.

लेकीनं दार उघडलं. आत खोकी, सुतळी, तोंड न मिटलेल्या दोन बॅगा आणि एकच खुर्ची. "आई, ये," ती म्हणाली. मग बापाकडे बघून, "सर्व्हर एकटा कसा सोडलात?"

मामांनी उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच गाळणीची सगळी कथा सांगितली. तिनं हाताची घडी घालून ऐकली. "मग तुम्हाला पोचलं तरी काय?" तिनं विचारलं. मामांना तो निरोप पाठ होता. त्यांनी म्हणून दाखवला: तुम्हाला माझी किती काळजी, जमलं तर येईन, सर्व्हर सुखात असो. लेकीनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. हसता हसता तिनं त्यांना आत घेतलं आणि खुर्ची दिली. मामींना वाटलं, मिटलं.

पण लेक हसायची थांबली. "आणि त्याच्या आधीचं? मी लिहिलं होतं, तीन वर्षं जाते म्हणून. त्यावर तुम्ही 'छान' लिहिलंत. ते कुठल्या नियमानं झालं?"

"ते नियमानं नाही झालं. ते मीच लिहिलं."

"म्हणजे तुम्हाला छान वाटलं?"

"नाही. त्या दिवशी दुकान उघडलं नाही मी, तुझ्या आईला सांगितलं सुट्टी आहे."

"मग छान कशाला लिहायचं, बाबा?"

"तुला जाणं जड होऊ नये म्हणून."

"मला ते जड व्हायला हवं होतं," लेक म्हणाली. "मी वाट बघत होते, एकदा तरी म्हणाल, जाऊ नकोस. मी गेलेच असते. पण म्हणायला तर हवं होतं तुम्ही."

मामांनी मामींकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मामी काहीतरी बोलून सांभाळून घेत. त्या सुतळी गुंडाळत राहिल्या.

"जाऊ नकोस," मामा म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "जाऊ नकोस असं वाटतं मला. तुझं जाणं मला अजिबात आवडलेलं नाही."

"मी जाणार आहे."

"जा की. पण आवडलेलं नाही."

लेक बॅगेवर बसली आणि रडू लागली. मामांचा हात सवयीनं तिच्या डोक्याकडे गेला आणि तोंडात 'उगी' आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि तिला रडू दिलं.