टाक्यांपासून दूर दुखत होतं

"हे साधं इन्फेक्शन नाही. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल," सर्जन म्हणाल्या.

शारजातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माझा नवरा इम्तियाज कण्हत पडला होता. सर्जनना नेक्रोटायझिंग फॅशिआयटिसचा संशय होता. यात जंतू त्वचेखाली, स्नायूंवरच्या आवरणातून झपाट्याने पसरतात आणि तिथलं मांस मरत जातं.

हर्नियाचं ऑपरेशन होऊन तो नुकताच घरी आला होता. टाक्यांभोवती जराशी सूज, एवढंच दिसत होतं. पण दुखणं असं, की चादरही सहन होईना. "फॉलोअपला दाखवू," तो म्हणत राहिला. मग ताप चढला आणि तो आमच्या झोयाला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागला.

"मम्मा, ही इज नॉट ओके. वी हॅव टू गो," झोया म्हणाली. आम्ही निघालो.

सर्जननी टाक्यांपासून बऱ्याच दूर, कमरेजवळ दाबलं. कातडी तिथे चांगली दिसत होती, तरी तो कळवळला. त्यांच्या बोटांखाली कातडी कुरकुरत होती. "आत गॅस झालाय. स्कॅनसाठी थांबायला नको."

मी विचारलं, "अँटिबायोटिक्सनी नाही का भागणार?"

"ती सुरू केलीच आहेत. पण मेलेल्या भागात रक्त जात नाही, तर औषध कसं पोचेल? तो भाग काढावाच लागेल."

याला डिब्राइडमेंट म्हणतात. आत नेताना इम्तियाज क्षणभर भानावर आला. "शाहीन, झोयाला हे बघू देऊ नकोस."

सर्जन बाहेर आल्या तेव्हा थकलेल्या होत्या. "इन्शाल्ला वाचतील. पण उद्या परत आत न्यावं लागेल. अजून मेलेला भाग आहे का, ते पाहायचंय."

त्यानंतर असं पुन्हा पुन्हा झालं. जखम उघडीच ठेवली होती. आयसीयूबाहेर दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. वॉर्डात आल्यावर मांडीची कातडी काढून पोटावर लावली. आज तो चालतो, कामावर जातो, पण थोडा वाकून.

तुमच्या माणसाला ऑपरेशननंतर जखमेच्या मानाने फार दुखत असेल, तो बरळत असेल, तर फॉलोअपची वाट पाहू नका. त्या सर्जननी वाट पाहिली नाही, म्हणून इम्तियाज आज आहे.

अजून आठवतं, आयसीयूत ड्रेसिंग बदलताना मी पहिल्यांदा जखम पाहिली. इम्तियाज माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कशी आहे?"

"खोल आहे," मी म्हटलं. "पण गुलाबी आहे. जिवंत आहे."

त्याने डोळे मिटले आणि माझा हात धरला.