मावशीने बेतलेला कॉर्सेट

"ताई, माय गेली..." मावसभाऊ विलास फोनवर एवढंच बोलला. मी पाली गावच्या शाळेत वर्गावर होते. मुलांना वाचत बसवून व्हरांड्यात आले. पाटोद्याची सुमनमावशी आता नाही, हे कुणाला सांगावं तेच सुचेना. महिना उलटला, तरी रविवारी तिला फोन लावायला हात जातोच.

गावातल्या बायकांची शिवण सहकारी संस्था होती, शाळांचे गणवेश शिवणारी. मावशीचा सगळा जीव तीत. दुष्काळाच्या साली निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, काम आटलं आणि संस्थेला कुलूप लागलं. मावशीने आपली मशीन घरी आणली आणि नुसती पुसत बसू लागली. त्याच हिवाळ्यात बीडच्या कॉलेजात आमचं नाटक बसत होतं आणि मला कंपनी सरकारच्या काळातल्या गोऱ्या कलेक्टरच्या बायकोचं काम मिळालं होतं. पुस्तकातलं एक चित्र घेऊन मी तिच्याकडे गेले.

"हे कावून आवळून घेतेत गं पोटाला?"

"कंबर बारीक दिसावी म्हणून. कॉर्सेट म्हणतात."

"लई हौस बायांना!" म्हणत तिने चष्मा लावला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जान आली.

ब्लाउजची बेतणी इथे उपयोगाची नव्हती. तिने जुनं धोतर माझ्या अंगाभोवती घट्ट टाचलं, त्यावर खडूने रेघा ओढल्या आणि रेघांवर कापून तुकडे कागदावर उतरवले. बुरुडाकडून बांबूच्या पातळ कामट्या आणून त्या काचेने घासल्या. पाठीला हाताने काजं केली, त्यांतून नाडी ओवली. घालून मी खुर्चीत बसले मात्र, एक कामटी काडकन मोडून बरगडीत रुतली. मी रडवेली झाले. मावशीने सगळं उसवलं, कमरेखाली घेर सुटावा म्हणून तिरप्या तुकड्यांच्या कळ्या घातल्या, कामट्या आखूड केल्या आणि पुन्हा शिवायला बसली.

प्रयोगाला ती स्वतः आली. रंगपटात आमचे सर म्हणाले, "चित्रात कंबर याहून बारीक आहे. आवळा अजून."

"चित्रातल्या बाईला बोलायचं न्हाई, सर. हिला हाय," मावशी म्हणाली. सर हसले आणि बाजूला झाले. त्या दिवशी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला...

उन्हाळ्यात टँकरचे हंडे वाहून मावशीची कंबर धरली. मशीनवर बसवेना. तेव्हा तिने स्वतःसाठी एक कॉर्सेट बेतला, नाडी पुढून, एकटीला बांधता यावी असा. तो बांधून आरशासमोर उभी राहिली, जरा वळली आणि लाजून म्हणाली, "मी बी मडम दिसते का गं?" काका गेल्यापासून तिला आरशात बघताना मी पाहिलं नव्हतं.

ऊसतोडीहून पाठ धरून परतलेल्या बायका आधी तिला हसल्या, मग हळूच माप द्यायला येऊ लागल्या. पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम परत आलं आणि संस्थेचं कुलूप निघालं. गणवेशांच्या ढिगातून वेळ काढून मावशी हे कमरेचे पट्टे शिवतच राहिली, आणि प्रत्येकीला स्वतःच्या हाताने बांधून बघायची.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपल्यावर मी तिच्या खोलीत गेले. मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेली हिरवी बाही तशीच होती. शेजारच्या कमलबाई दारात येऊन थांबल्या. त्यांचाच ब्लाउज. विलास तो काढून द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे, बाबा. मला कुठं घाई हाय..."